उच्च शिक्षणाचा खर्च आणि प्राप्तिकराची सवलत : कोणता मार्ग निवडावा?

मुलाबाळांच्या शिक्षणासाठी पैसा कोठून आणावा, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. परमपूज्य बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेस गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. शिष्यवृत्तीची मुदत संपताच लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा लंडनला निघाले तेव्हा त्यांच्यापाशी तीन प्रकारचा पैसा होता. सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीच्या पगारातून मागे टाकलेली शिल्लक, आपल्या कोल्हापूरच्या राजर्षी शाहू छत्रपतींनी केलेले साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज. शिल्लक, साहाय्य आणि कर्ज! शंभर वर्षांनंतरही पालकांपुढे हेच तीन मार्ग आहेत. फरक एवढाच की, आता यातील दोन मार्गांवर प्राप्तिकराच्या कायद्यात सवलत आहे, आणि कोणत्या मार्गावर किती सवलत मिळते याचा हिशेब आपल्यापैकी फार थोडे जण करतात.

दरवर्षी जून-जुलैत प्रवेशाची धांदल सुरू झाली की पालक आमच्याकडे विचारणा करतात. कोणी म्हणतो, "पैसे आहेत, पण कर्ज काढले तर कर वाचतो म्हणे!" कोणी म्हणतो, "फी भरली, पण ऑफिसात पावती घेतलीच नाही." कोणी फेब्रुवारी महिन्यात घाईने विम्याची पॉलिसी घेऊन मोकळा होतो आणि मग कळते की तिची गरजच नव्हती. चुकीच्या सल्ल्याने गेलेले वीस-पंचवीस हजार रुपये म्हणजे एका मुलीचा वसतिगृहाचा काही महिन्यांचा खर्च असतो. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय सोप्या शब्दांत मांडण्याचे आम्ही योजले आहे. येथे दिलेले दर व मर्यादा आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

सवलती दोन, स्वभाव वेगळा

पहिली सवलत कलम ८०सी ची. आपल्या मुलांच्या शिक्षणासाठी भरलेले शिक्षण शुल्क या कलमाखाली उत्पन्नातून वजा होते. अटी अशा : शिक्षण पूर्णवेळ असावे, शाळा, महाविद्यालय वा विद्यापीठ भारतात असावे, आणि एका करदात्यास फक्त दोन मुलांसाठीच ही वजावट मिळते. मर्यादा १,५०,००० रुपयांची, पण ती एकट्या शिक्षण शुल्कासाठी नाही. भविष्य निर्वाह निधी, आयुर्विम्याचा हप्ता, राष्ट्रीय बचत पत्रे, घरकर्जाच्या मुद्दलाची परतफेड हे सारे त्याच एका पिशवीत भरायचे असते.

दुसरी सवलत कलम ८०ई ची. उच्च शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाचे जे व्याज आपण वर्षभरात प्रत्यक्ष भरतो ते सर्व उत्पन्नातून वजा होते. येथे रकमेची मर्यादा नाही, मात्र मुद्दलावर एक पैसाही सवलत नाही. बारावी वा तत्सम परीक्षेनंतरचा कोणताही अभ्यासक्रम चालतो आणि शिक्षण परदेशात असले तरी चालते. कर्ज स्वतःसाठी, पती वा पत्नीसाठी, मुलांसाठी, किंवा ज्याचे आपण कायदेशीर पालक आहोत अशा विद्यार्थ्यासाठी असावे. ज्या वर्षी व्याज भरण्यास प्रारंभ होतो ते वर्ष व त्यापुढील सात वर्षे, अशी एकूण आठ वर्षे ही वजावट मिळते. व्याज त्याआधीच फिटले तर सवलतही तेथेच संपते.

जुन्या मंडळींपैकी काहींच्या मनात अजून वेगळाच नियम बसलेला आहे. तोही खोटा नव्हे. पूर्वी ८०ई मध्ये मुद्दल व व्याज दोन्ही धरत आणि वर्षाला ४०,००० रुपयांची मर्यादा होती. ही रचना २००६-०७ च्या करनिर्धारण वर्षापासून बदलली. मुद्दल गेले आणि व्याजावरील मर्यादाही गेली. म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नये.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वजावट म्हणजे करात तेवढी सूट नव्हे. लाख रुपयांची वजावट मिळाली म्हणजे लाख रुपये वाचले असे नाही, तर त्या लाखावर जो कर बसला असता तो वाचला. २० टक्क्यांच्या टप्प्यात असणाऱ्याचे उपकरासह २०,८०० रुपये वाचतात, ३० टक्क्यांच्या टप्प्यातील माणसाचे ३१,२०० वाचतात, आणि ज्याला करच नाही त्याचे काहीच वाचत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या काही कुटुंबांना याउलट अनुभव येतो. तेथील उच्च शिक्षणाच्या दोन प्रमुख सवलती थेट करातूनच वळत्या होतात. एक विद्यार्थ्यामागे कमाल २,५०० डॉलरची व पहिल्या चार वर्षांपुरती, दुसरी एका विवरणपत्रामागे कमाल २,००० डॉलरची. एकाच विद्यार्थ्यासाठी एकाच वर्षी दोहोंपैकी एकच घेता येते. तेथून आलेला सल्ला येथे जसाच्या तसा लागू करू नये, हे सांगण्यापुरताच हा उल्लेख. आपल्याकडे ८०सी व ८०ई यांत असा विरोध नाही. काही फी स्वतःच्या पैशातून भरली व काही भागासाठी कर्ज काढले, तर एकाच मुलासाठी एकाच वर्षी दोन्ही वजावटी मागता येतात.

मग निवड कशाची? निवड आहे ती वेगळ्याच ठिकाणी.

खरी निवड : जुनी पद्धत की नवी?

२०२० च्या अर्थसंकल्पाने कर आकारणीची नवी पद्धत आणली आणि २०२३-२४ पासून तीच मूळ पद्धत ठरली. म्हणजे आपण काहीच सांगितले नाही तर आपला कर नव्या पद्धतीनेच मोजला जातो. या नव्या पद्धतीत दर कमी आहेत, पण ८०सी नाही आणि ८०ई देखील नाही. ज्याला या दोहोंपैकी कोणतीही सवलत हवी, त्याला जुनी पद्धत स्वीकारणे भाग आहे. पहिला प्रश्न "फी की कर्ज?" हा नसून "जुनी की नवी?" हा आहे.

नव्या पद्धतीत २०२५-२६ साठी पहिले ४ लाख करमुक्त, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के, १२ ते १६ लाखांवर १५ टक्के, १६ ते २० लाखांवर २० टक्के, २० ते २४ लाखांवर २५ टक्के आणि त्यापुढे ३० टक्के असे दर आहेत. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सूट मिळून कर शून्यावर येतो. पगारदार व निवृत्तिवेतनधारकास ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट वेगळी मिळते. म्हणजेच ज्याचे उत्पन्न केवळ पगाराचे आहे त्याला १२,७५,००० रुपयांपर्यंत कर नाही.

जुन्या पद्धतीत साठ वर्षांखालील व्यक्तीस पहिले अडीच लाख करमुक्त, पुढील अडीच लाखांवर ५ टक्के, ५ ते १० लाखांवर २० टक्के आणि त्यापुढे ३० टक्के. प्रमाणित वजावट ५०,००० रुपये. करपात्र उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तरच कर शून्य होतो. दोन्ही पद्धतींत करावर ४ टक्के उपकर आहे.

यातून पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. शिक्षक, परिचारिका, एस.टी. वा महावितरणचे कर्मचारी, बँकेतील कारकून असे ज्यांचे वार्षिक वेतन पावणेतेरा लाखांच्या आत आहे, त्यांनी कर वाचविण्यासाठी शैक्षणिक कर्जही काढू नये आणि पॉलिसीही घेऊ नये. त्यांना नव्या पद्धतीत करच नाही. जो कर भरावाच लागत नाही, तो वाचवायचा कसा? आपल्या सभासदांपैकी बहुसंख्य कुटुंबे याच गटात मोडतात असे आम्हांस वाटते.

एक हिशेब मांडून पाहू

आता पावणेतेरा लाखांच्या पुढील माणसाकडे वळू. समजा, कोल्हापुरातील एका गृहस्थांचे वार्षिक वेतन १५ लाख रुपये आहे. मुलगा अभियांत्रिकीस आहे. कर्जाचे व्याज ते वर्षाला ९०,००० रुपये भरतात आणि त्यांची ८०सी ची दीड लाखाची मर्यादा पूर्ण भरलेली आहे.

नव्या पद्धतीत ७५,००० वजा जाता १४,२५,००० राहतात. त्यावर कर २०,००० अधिक ४०,००० अधिक ३३,७५०, म्हणजे ९३,७५० रुपये. उपकर धरून ९७,५०० रुपये.

जुन्या पद्धतीत ५०,००० प्रमाणित वजावट, २,५०० व्यवसाय कर, १,५०,००० कलम ८०सी व ९०,००० कलम ८०ई वजा जाता १२,०७,५०० राहतात. त्यावर कर १२,५०० अधिक १,००,००० अधिक ६२,२५०, म्हणजे १,७४,७५० रुपये. उपकर धरून १,८१,७४० रुपये.

पाहा! दोन्ही शैक्षणिक सवलती घेऊनही या गृहस्थांनी जुनी पद्धत निवडली तर त्यांना ८४,२४० रुपये जास्त भरावे लागतील. सवलतीच्या नादी लागून नुकसान होते ते असे.

आता याच वेतनाचे दुसरे गृहस्थ घ्या. त्यांनी घर बांधले आहे, घरकर्जाचे व्याज वर्षाला २ लाख जाते. आरोग्य विम्याचा हप्ता २५,००० आहे. मुलगी परदेशी शिकते, तिच्या कर्जाचे व्याज वर्षाला २ लाख भरतात. ८०सी पूर्ण आहे. जुन्या पद्धतीत सर्व वजा जाता ८,७२,५०० राहतात. कर १२,५०० अधिक ७४,५००, म्हणजे ८७,००० रुपये. उपकर धरून ९०,४८० रुपये. नव्या पद्धतीत ९७,५००. म्हणजे जुनी पद्धत ७,०२० रुपयांनी स्वस्त पडली.

तात्पर्य असे की, पंधरा लाख वेतनाच्या माणसास जुनी पद्धत परवडण्यासाठी प्रमाणित वजावटीसह एकूण ५,९३,७५० रुपयांहून अधिक वजावटी लागतात. शैक्षणिक कर्जाचे व्याज एकटे हे काम करीत नाही. घरकर्ज वा घरभाडे भत्त्याची जोड असेल तरच ते पारडे फिरवू शकते. वेतन बदलले की हा आकडाही बदलतो. सबब प्रत्येकाने स्वतःचे आकडे कागदावर मांडून दोन्ही बाजू पाहाव्यात. अर्धा तास लागतो, अधिक नाही.

जुनी पद्धत ठरली, मग काय करावे?

ज्यांना हिशेबाअंती जुनीच पद्धत फायद्याची आहे, त्यांच्यासाठी पुढील मुद्दे आहेत.

पहिला मुद्दा : दीड लाखाच्या पिशवीत जागा किती आहे ते पाहा. समजा, भविष्य निर्वाह निधीचे ९०,००० रुपये कापले जातात. ६०,००० ची जागा उरली. मुलाच्या महाविद्यालयाचे शिक्षण शुल्क ६०,००० भरले असेल तर पिशवी भरली. २० टक्क्यांच्या टप्प्यात १२,४८० आणि ३० टक्क्यांच्या टप्प्यात १८,७२० रुपये कर वाचला. फी तर भरायचीच होती. ती दाखवायची सोडून कर वाचविण्यासाठी ६०,००० ची नवी पॉलिसी घेणे म्हणजे खिशातील पैसा पुन्हा गुंतवून ठेवणे होय. ही चूक आपल्याकडे फार होते.

दुसरा मुद्दा : पिशवी आधीच भरलेली असेल तर फी भरल्याने करात एक रुपयाचाही फरक पडत नाही. अशा वेळी ८०ई वेगळे उभे राहते, म्हणून कर्जाची सवलत आकर्षक वाटते. पण कर्ज काढावे का? हिशेब करू. घरात ४ लाख रुपये मुदत ठेवीत आहेत, व्याज ७ टक्के. शैक्षणिक कर्ज १० टक्क्यांनी मिळते असे धरू. ४ लाखांच्या कर्जाचे वर्षाचे व्याज ४०,०००. २० टक्क्यांच्या टप्प्यात त्यावर ८,३२० कर वाचतो, म्हणजे कर्ज पडले ३१,६८० ला. ठेवीवर व्याज मिळते २८,०००, त्यातून ५,८२४ कर जातो, हाती उरतात २२,१७६. म्हणजे ठेव राखून कर्ज काढल्याने वर्षाला ९,५०४ रुपयांचा तोटा. ३० टक्क्यांच्या टप्प्यातही तोटा ८,२५६ रुपयांचा राहतो. निष्कर्ष स्वच्छ आहे. केवळ करासाठी कर्ज काढू नये. गरज असेल तर मात्र संकोच न बाळगता काढावे आणि काढल्यावर सवलत सोडू नये. आजारपण वा लग्नकार्यासाठी थोडी ठेव राखून उरलेल्या रकमेपुरते कर्ज काढणे, हाही शहाणपणाचा मध्यम मार्ग आहे. मात्र त्याचे मोल वरीलप्रमाणे मोजून घ्यावे.

तिसरा मुद्दा : आठ वर्षांचे घड्याळ. शैक्षणिक कर्जात बहुधा अभ्यासक्रमाचा काळ व त्यापुढे एक वर्ष हप्ता नसतो. या काळातले व्याज साठत जाऊन पुढे मुद्दलात मिळते. या काळातच व्याज भरत गेल्यास बोजा वाढत नाही आणि काही बँका व्याजदरात एक टक्क्यापर्यंत सूटही देतात. पण ध्यानात ठेवा, व्याजाचा पहिला रुपया भरला त्या वर्षापासून आठ वर्षांची मोजणी सुरू होते. वडील नव्या पद्धतीत असून त्यांना सवलत मिळत नसली तरी घड्याळ थांबत नाही. आमचे मत असे की, व्याज साठू न देणे हाच फायदा मोठा आहे. घड्याळाच्या भीतीने व्याज थकवू नये, पण निर्णय डोळसपणे घ्यावा.

चौथा मुद्दा : कर्ज कोणाच्या नावावर आहे? वजावट ज्याने कर्ज घेतले आणि ज्याने स्वतःच्या करपात्र उत्पन्नातून व्याज भरले त्यालाच मिळते. कर्ज केवळ मुलाच्या नावावर असून व्याज वडील भरत असतील तर वडिलांना सवलत नाही. म्हणून कर्जाच्या कागदपत्रांवर आई वा वडील यांपैकी जो अधिक कराच्या टप्प्यात आहे त्याचे नाव सहकर्जदार म्हणून असावे आणि व्याज त्याच्याच खात्यातून जावे. नोकरीला नुकत्याच लागलेल्या मुलाचा पगार आठ-नऊ लाख असेल तर त्याला नव्या पद्धतीत करच नसतो. त्याच्या नावे ही सवलत वायाच जाते.

कोल्हापूरकरांनी विशेष जपावे असे

आपला जिल्हा सहकाराचा. गल्लीगल्लीत पतसंस्था, प्रत्येक खात्याची सेवकांची सोसायटी. अडीनडीला या संस्था धावून येतात. मुलाच्या प्रवेशाची मुदत उद्या संपत असेल तर बँकेचे खेटे घालण्यापेक्षा सोसायटीचे कर्ज तातडीने मिळते, हे आम्ही जाणतो. परंतु कलम ८०ई ची सवलत बँक, सरकारने अधिसूचित केलेली वित्तीय संस्था किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्था यांच्याच कर्जावर आहे. पतसंस्था, सेवक सोसायटी, मालक, नातेवाईक वा मित्र यांच्याकडील कर्जाच्या व्याजावर ती नाही. बाबासाहेबांनी मित्राकडून घेतलेले कर्जही आजच्या कायद्याने सवलतीस पात्र ठरले नसते! नागरी सहकारी बँकेचे वा शासकीय महामंडळाचे कर्ज असेल तर ती संस्था कायद्याच्या व्याख्येत बसते की नाही, हे कर्ज घेण्यापूर्वीच कर सल्लागाराकडून पडताळून घ्यावे. तसेच कर्ज शिक्षणासाठीच मंजूर झाल्याचे कागदावर दिसले पाहिजे. बँकेकडूनच घेतलेले वैयक्तिक वा सोनेतारण कर्ज शिक्षणाला वापरले, तरी वाद उद्भवण्याचा संभव असतो.

दुसरी गोष्ट अधिक जिव्हाळ्याची. आपल्या समाजात थोरल्या भावाने नोकरी धरावी आणि धाकट्या भावंडांना शिकवावे, ही रीत आहे. कित्येक घरे अशीच वर आली. परंतु प्राप्तिकराचा कायदा ही रीत ओळखत नाही. भावाबहिणीच्या, पुतण्याच्या वा भाच्याच्या फीवर ८०सी नाही आणि त्यांच्या कर्जाच्या व्याजावर ८०ई नाही. भाऊ कायद्याने नेमलेला पालक असेल तरच ८०ई चा विचार होतो. त्यामुळे भावंडासाठी कर्ज काढताना वडील वा आई करदाते असतील तर कर्ज त्यांच्या नावे घ्यावे. ते नसतील तर भावाने सवलतीची आशा न धरता खर्चाचा अंदाज बांधावा. सवलत नाही म्हणून भावंडाचे शिक्षण थांबू नये, हे सांगण्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट पावतीची. महाविद्यालयाच्या पावतीवर शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा शुल्क, ग्रंथालय, वसतिगृह, खानावळ अशी अनेक कलमे असतात. ८०सी मध्ये धरायचे ते केवळ शिक्षण शुल्क. विकास शुल्क, देणगी यांना कायद्यानेच वगळले आहे. खासगी क्लासची फी, मग ती शिक्षण शुल्काच्या दुप्पट का असेना, यात बसत नाही. वर्ष मोजायचे ते शैक्षणिक नव्हे, तर १ एप्रिल ते ३१ मार्च. ज्या तारखेस फी भरली ती तारीख महत्त्वाची. पती-पत्नी दोघेही करदाते असतील तर प्रत्येकास दोन मुलांची स्वतंत्र वजावट आहे. फी वाटून भरता येते, पण एकच रुपया दोघांनी दाखवू नये. कर्जाच्या बाबतीत बँकेकडून मुद्दल व व्याज वेगळे दाखविणारा दाखला दरवर्षी एप्रिलमध्ये मागून घ्यावा.

कराच्या आधी हक्काचे साहाय्य

हे सर्व सांगितले तरी आमचा मुख्य आग्रह वेगळाच आहे. करसवलत ही खर्चाचा चौथा-पाचवा हिस्सा परत करते. शिष्यवृत्ती मात्र खर्चच वाचविते. म्हणून पालकांनी प्रथम शिष्यवृत्तीकडे, नंतर व्याज अनुदानाकडे आणि सर्वांत शेवटी करसवलतीकडे पाहावे.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असावे. त्याहून अधिक उत्पन्न असेल तर राज्य शासनाची शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क प्रतिपूर्ती, म्हणजे आपण ज्याला फ्रीशिप म्हणतो, ती आहे. आपल्या अनेक नोकरदार कुटुंबांचा समज असा की, "आमचे उत्पन्न जास्त, आम्हांला काही मिळत नाही." हा समज दूर झाला पाहिजे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. अर्जाची व नियमांची चौकशी सामाजिक न्याय भवनात करावी आणि जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे बारावीचे वर्ष सुरू होतानाच तयार ठेवावीत.

ज्या कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत आहे त्यांना तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या कर्जावर, हप्ता नसलेल्या काळातील व्याजाचे केंद्र शासनाचे अनुदान आहे. २०२४ अखेर मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांस, निवडक संस्थांतील प्रवेशासाठी, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. इतर शासकीय शिष्यवृत्ती वा व्याज सवलत घेणाऱ्यास ती मिळत नाही, म्हणून येथेही तुलना करूनच निवड करावी.

दोन गोष्टी जोडून सांगतो. शिक्षणासाठी मिळालेली शिष्यवृत्ती हे करपात्र उत्पन्न नव्हे, ती करमुक्त आहे. आणि जी फी फ्रीशिपमधून माफ झाली, ती आपण भरलेलीच नसते. तिची वजावट मागणे चुकीचे होय.

शेवटचे टप्पे

पगारदार माणसास दरवर्षी जुनी वा नवी पद्धत निवडता येते. वर्षाच्या सुरुवातीस कार्यालयात जे लिहून दिले ते अंतिम नव्हे. विवरणपत्र भरताना बदल करता येतो. पण जुनी पद्धत हवी असेल तर विवरणपत्र मुदतीत, साधारणतः ३१ जुलैपर्यंत, भरलेच पाहिजे. मुदत चुकली की नवी पद्धतच लागू होते आणि वर्षभर जपलेल्या पावत्या निरुपयोगी ठरतात. दुकान, कारखाना वा वाहतुकीचा धंदा असणाऱ्यांनी अधिक जपावे. त्यांनी एकदा जुनी पद्धत घेऊन पुन्हा नवीत परत आल्यावर, धंदा चालू असेतो, जुनीकडे जाता येत नाही.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला असून तो १ एप्रिल २०२६ पासून लागू होतो. त्यात ८०सी ची तरतूद कलम १२३ मध्ये आणि ८०ई ची कलम १२९ मध्ये आली आहे. आकडा बदललेला पाहून सवलत गेली असे समजू नये.

वाचकहो, बाबासाहेबांनी कोलंबिया व लंडन येथे जे अध्ययन केले ते सार्वजनिक वित्त आणि चलन या विषयांचे. सरकार कर कसा गोळा करते व कोठे खर्च करते, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. त्यांच्या मागून शिकलेल्या आपण आपल्या घराचा कराचा हिशेब दुसऱ्याच्या हाती सोपवून निश्चिंत राहावे, हे शोभत नाही. राजर्षींनी १९०८ साली याच शहरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले तेव्हा आपल्या मुलांपाशी पाटी नव्हती. आज आपल्यापाशी पगाराची चिठ्ठी, बँकेचा दाखला आणि फीची पावती आहे. येत्या रविवारी हे तीन कागद समोर घेऊन बसावे, जुनी व नवी अशा दोन रकान्यांत आकडे मांडावेत आणि वाचलेला पैसा मुलांच्या पुस्तकांकडे वळवावा. ज्यांना हिशेब जमत नसेल त्यांनी संस्थेच्या कार्यालयात यावे. आपल्यातील जाणती मंडळी तेथे मदतीस बसतील, असा आमचा प्रयत्न राहील.

जयभीम.